रोमचा तगादा आणि ब्रिटनचे बंड

लंडनच्या जुन्या भागात एखाद्या नव्या इमारतीसाठी खोल खोदकाम सुरू झाले, की पुष्कळदा भाजलेल्या लाल मातीचा आणि कोळशाचा एक थर लागतो. तेथून ईशान्येला असलेल्या कोलचेस्टर शहराच्या पोटातही असाच थर आहे. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये बुडिका नावाच्या राणीच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील टोळ्यांनी रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्यात ही दोन्ही शहरे जळून खाक झाली, त्याची ही खूण. या उठावाची कहाणी ब्रिटनमधील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा साचा ठरलेला आहे. एका बाजूला शिस्तबद्ध, सुधारलेले पण निर्दय साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला रांगड्या, स्वातंत्र्यप्रेमी टोळ्या. हा साचा सोयीचा असला तरी त्यात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. ज्या दोन टोळ्यांनी हे बंड पेटवले, त्यांपैकी इसेनी ही रोमची मित्र होती. आणि दुसरी, त्रिनोव्हांते, ही तर ज्युलियस सीझरच्या काळात आपण होऊन रोमच्या आश्रयाला गेलेली होती. मित्रांवर शस्त्र उचलण्याची पाळी का आली, याचे उत्तर रणांगणापेक्षा हिशेबाच्या वह्यांत अधिक सापडते.

त्या काळी ब्रिटन नावाचे राष्ट्र अस्तित्वात नव्हते. एकमेकांशी सोयरीक करणाऱ्या, एकमेकांची गुरे पळवणाऱ्या आणि एकमेकांच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या लहानमोठ्या टोळ्यांचे ते बेट होते. इ. स. पूर्व ५५ आणि ५४ मध्ये सीझरने तेथे दोन स्वाऱ्या केल्या. दुसऱ्या स्वारीच्या वेळी कॅसिव्हेलॉनस या सरदाराने समोरासमोरची लढाई टाळून, चार हजार रथ हाताशी ठेवून, रोमन फौजेला वाटेत सतावण्याचे तंत्र अवलंबिले. गनिमी काव्याचाच हा प्रकार. तो यशस्वीही होत होता. परंतु त्रिनोव्हांते टोळीचे या कॅसिव्हेलॉनसशी जुने वैर होते. त्यांनी सीझरकडे संरक्षण मागितले, त्यांच्यामागोमाग आणखी काही टोळ्या शरण आल्या आणि कॅसिव्हेलॉनसच्या गढीचा ठावठिकाणा शत्रूला कळला. पुढील सव्वाशे वर्षांत रोमन सेनापती बदलले, पण फुटीचा हा नमुना बदलला नाही.

कायमची स्वारी झाली ती इ. स. ४३ मध्ये, सम्राट क्लॉडियसच्या काळात. ऑलस प्लॉटियस या सेनापतीच्या हाताखाली चार लीजन होत्या. एका लीजनमध्ये सुमारे पाच हजार पायदळ असे. जोडीला तेवढेच साहाय्यक सैन्य. दक्षिणेकडील कॅटुवेलॉनी या बलाढ्य टोळीचे दोन राजपुत्र, टोगोडुम्नस आणि कॅराटेकस, यांनी प्रतिकार केला. टोगोडुम्नस कामी आला आणि कॅराटेकस पश्चिमेकडे निसटला. मग स्वतः क्लॉडियस हत्ती घेऊन बेटावर आला, कॅम्युलोडुनम म्हणजे आजचे कोलचेस्टर ताब्यात घेण्याचा सोहळा त्याने पार पाडला आणि अवघ्या सोळा दिवसांत तो परतला. रोममध्ये त्याच्या विजयाची जी कमान उभारली गेली, तिच्यावरील लेखात अकरा राजे शरण आल्याचा उल्लेख होता. सर्वच राजे लढून शरण आले होते, असे मुळीच नाही. शेजारच्या दांडग्या टोळीचा काटा परस्पर निघत असेल, तर रोमशी करार करण्यात पुष्कळांना शहाणपण वाटले होते.

प्रतिकाराचा इतिहास लिहिताना पुराव्यांवर कल्पनेची कलाकुसर चढते, याचे एक उदाहरण येथे नोंदवण्यासारखे आहे. डॉर्सेटमधील मेडन कॅसल या प्राचीन गढीचे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३० च्या दशकात केले. तेच व्हीलर, जे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक होते. गढीच्या दाराशी शस्त्राचे घाव झालेले सांगाडे त्यांना सापडले आणि रोमन हल्ल्यात एकाच दिवशी बळी पडलेल्या शूर रक्षकांचे शब्दचित्र त्यांनी रंगवले. ते पाठ्यपुस्तकांतही गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कालमापनानुसार मात्र हे मृत्यू कित्येक दशकांच्या अंतराने झालेले असून त्यांचा काळ इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभापर्यंतचा आहे. म्हणजे त्यांतील बरेचसे घाव ब्रिटनमधल्यांनीच ब्रिटनमधल्यांवर केलेले असण्याची शक्यता अधिक.

पश्चिमेकडे निसटलेल्या कॅराटेकसने आजच्या वेल्सच्या डोंगरांत सिल्युर आणि नंतर ऑर्डोव्हिस या टोळ्यांना हाताशी धरले. त्या टोळ्या त्याच्या नव्हेत. तरीही परक्या राजपुत्राला त्यांनी आपला नायक मानले, ही त्या बेटावरची दुर्मीळ घटना म्हणावी लागेल. कित्येक वर्षे त्याने रोमन फौजांना झुलवत ठेवले. अखेर इ. स. ५१ च्या सुमारास गव्हर्नर ऑस्टोरियस स्कॅपुलाने त्याचा पराभव केला. कॅराटेकस उत्तरेकडील ब्रिगांते टोळीची राणी कार्टिमांडुआ हिच्याकडे आश्रयाला गेला. ती रोमची मांडलिक होती. तिने त्याला बेड्या घालून रोमनांच्या हवाली केले. रोमच्या रस्त्यांतून त्याची धिंड निघाली, पण त्याच्या ताठ वागण्याने प्रभावित होऊन क्लॉडियसने त्याला सहकुटुंब जीवदान दिले. इतके वैभव पदरी असताना या लोकांना आमच्या झोपड्यांची हाव का सुटावी, असा प्रश्न त्याने रोम शहर पाहून केल्याचे एका उत्तरकालीन इतिहासकाराने नमूद केले आहे.

नायक पकडला गेला म्हणून सिल्युर थांबले नाहीत. त्यांचा समूळ उच्छेद करावा, असे उद्गार स्कॅपुलाने काढले होते. ते त्यांच्या कानांवर गेले आणि शरण जाण्याची वाटच बंद झाली. लुटीत गुंतलेल्या दोन रोमन तुकड्या त्यांनी सगळ्याच्या सगळ्या पकडल्या आणि लूट व कैदी शेजारच्या टोळ्यांना भेट म्हणून वाटले. आपल्याबरोबर या, असे सांगण्याची ही त्यांची रीत. स्कॅपुला इ. स. ५२ मध्ये थकून, काळजीने खंगून मरण पावला. सिल्युर पूर्णपणे नमले ते त्यानंतर वीसेक वर्षांनी.

हा झाला डोंगरातला, रोमला कधीच न मानणाऱ्यांचा प्रतिकार. पूर्वेकडच्या सपाट, सुपीक प्रदेशात घडले ते वेगळे. आजच्या नॉरफोक परगण्यात इसेनी टोळीचे राज्य होते. स्नेटिशम येथे सापडलेले, रोमन स्वारीपूर्वी शतकभर आधी पुरलेले सोन्याचे जाड गळपट्टे या भागाच्या समृद्धीची साक्ष देतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गळपट्ट्याचे वजन एक किलोहून जास्त आहे. इसेनींनी रोमशी स्वखुशीने तह केला होता. इ. स. ४७ मध्ये स्कॅपुलाने सरसकट सर्व टोळ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम सोडला, तेव्हा मित्र म्हणवणाऱ्या या लोकांना तो अपमान वाटला आणि ते एकदा लढलेही. हरले. त्यानंतरही त्यांचे राज्य रोमने खालसा केले नाही. राजा प्रासुटागस मांडलिक म्हणून दीर्घकाळ सुखासमाधानाने राज्य करीत राहिला.

मांडलिक राज्यांची ही व्यवस्था रोमला फार स्वस्त पडे. फौज ठेवावी लागत नसे, करवसुलीचा त्रास नसे. मात्र करार राजाशी असे, राज्याशी नव्हे. राजा मेला की करार संपला, असा रोमचा अर्थ. टोळीचा समज अर्थातच निराळा. प्रासुटागसला धोका दिसत असावा. त्याला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. त्याने मृत्युपत्रात आपल्या दोन मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस नेमले. सम्राटाला वाटा दिला म्हणजे उरलेले घर आणि राज्य सुरक्षित राहील, हा हिशेब. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली, त्या इतिहासाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला पुढे काय झाले असेल हे सांगण्याची गरज नाही.

येथे रोमन प्रांताच्या कारभाराची एक खुबी समजून घेतली पाहिजे. गव्हर्नरच्या हाती फौज आणि न्यायदान असे. महसूल, सम्राटाची खासगी मालमत्ता आणि सैन्याचा पगार पाहणारा अधिकारी वेगळा. त्याला प्रोक्युरेटर म्हणत. तो गव्हर्नरचा ताबेदार नसे, थेट सम्राटाला जबाबदार असे. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे, हा त्यामागील हेतू. ब्रिटनमध्ये त्या वेळी कॅटस डेसियानस नावाचा प्रोक्युरेटर होता आणि गव्हर्नर सुएटोनियस पॉलिनस दूर वायव्येला मोना बेटाच्या, म्हणजे आजच्या अँगलसीच्या मोहिमेवर निघाला होता. प्रासुटागसच्या मृत्यूनंतर इसेनींच्या राज्यात जे अधिकारी शिरले, ते वाटणी करायला आले नव्हते. टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या वर्णनानुसार राज्य सेनाधिकाऱ्यांनी आणि राजवाडा गुलाम कारकुनांनी लुटला. विधवा राणी बुडिकाला फटके मारण्यात आले, तिच्या मुलींवर बलात्कार झाले, सरदारांच्या वडिलोपार्जित जमिनी हिरावून घेण्यात आल्या.

याच सुमारास कर्जाचा तगादा सुरू झाला. क्लॉडियसने टोळीप्रमुखांना ज्या रकमा दिल्या होत्या, त्या बक्षीस समजून खर्चही झाल्या होत्या. त्या कर्जाऊ होत्या, आता परत करा, असे डेसियानसने फर्मावले. कॅशियस डिओ हा दुसरा इतिहासकार याच्या जोडीला आणखी एक नाव घेतो: तत्त्वज्ञ आणि नीरोचा सल्लागार सेनेका. संयम आणि अनासक्ती यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थाने ब्रिटनमधील लोकांच्या गळ्यात चार कोटी सेस्टर्स व्याजाने बांधले होते आणि ते एकाएकी, कठोरपणे वसूल करायला घेतले, असे तो म्हणतो. त्या वेळी लीजनमधल्या साध्या शिपायाला वर्षाला नऊशे सेस्टर्स मिळत. म्हणजे ही रक्कम सुमारे ४४ हजार शिपायांच्या वर्षभराच्या पगाराएवढी झाली. डिओने हे दीडशे वर्षांनी लिहिले आणि सेनेकाविषयी त्याचे मत चांगले नव्हते, म्हणून आकडा जपून घ्यावा. परंतु ब्रिटनमध्ये पैशांचे देणेघेणे किती लवकर आणि किती खोल रुजले होते, याचा स्वतंत्र पुरावा उपलब्ध आहे. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या मुख्यालयाच्या जागी २०१० ते २०१४ या काळात झालेल्या उत्खननात चारशेहून अधिक लाकडी लेखनफलक मिळाले. त्यांपैकी एकावर ८ जानेवारी ५७ ही तारीख आहे. टिबुलस नावाचा एक मुक्त गुलाम ग्रेटस नावाच्या दुसऱ्या मुक्त गुलामाचे १०५ दिनार देणे लागतो, अशी ती कबुली. ब्रिटनमध्ये सापडलेला तारीखवार असा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे हे कर्जखत आहे.

इसेनींचे शेजारी त्रिनोव्हांते यांचे दुखणे याहून जुने होते. इ. स. ४९ मध्ये त्यांच्या कॅम्युलोडुनमला निवृत्त सैनिकांची वसाहत स्थापन झाली. या सैनिकांनी स्थानिकांना घरांतून आणि शेतांतून हुसकावले, त्यांना गुलाम म्हणून हिणवले. आणि नोकरीतले शिपाई, आपल्यालाही पुढे हेच करायचे आहे या आशेने, गप्प राहिले. तेथे क्लॉडियसचे भव्य मंदिर उभे राहिले. ज्याने आपल्याला जिंकले त्याचीच पूजा, आणि तिचा खर्च पुजारी म्हणून निवडलेल्या स्थानिक श्रीमंतांच्या माथी. ते मंदिर लोकांना आपल्या दास्याचा बालेकिल्लाच वाटे, असे टॅसिटस सांगतो. देवाच्या नावाने कर्जबाजारी झालेल्या या घराण्यांनी बुडिकाला साथ दिली, यात नवल ते काय?

बंडवाल्यांचा पहिला घाला कॅम्युलोडुनमवर पडला. वसाहतीला तटबंदी नव्हती. मदत मागितल्यावर डेसियानसने दोनशे माणसे पाठवली, तीही धड शस्त्रांविना. मंदिरात कोंडून घेतलेल्यांनी दोन दिवस तग धरला. त्या मंदिराचा चौथरा मात्र टिकला. पुढे हजार वर्षांनी नॉर्मनांनी त्यावरच आपला किल्ला बांधला आणि तो आजही उभा आहे. २०१४ मध्ये कोलचेस्टरच्या एका दुकानाच्या जागी उत्खनन झाले, तेव्हा जळक्या थराखाली, घराच्या जमिनीत घाईने पुरलेले सोन्याचांदीचे दागिने सापडले. पुरणाऱ्याला ते उकरून घेण्याची संधी मिळाली नाही.

मदतीला धावलेल्या नवव्या लीजनच्या पायदळाची बंडवाल्यांनी कत्तल केली. तिचा सेनापती पेटिलियस सेरियालिस घोडदळासह कसाबसा वाचला. डेसियानस समुद्र ओलांडून गॉलला पळाला. मोना बेटावर ड्रुइड पुरोहितांची पवित्र वनराई तोडण्यात गुंतलेला पॉलिनस वेगाने लंडनला आला. लंडन तेव्हा अवघे दहा-बारा वर्षांचे, व्यापाऱ्यांनी गजबजलेले गाव होते. ते वाचवता येणार नाही असे ठरवून तो निघून गेला. जे मागे राहिले ते मारले गेले. नंतर वेरुलेमियम, आजचे सेंट आल्बन्स, याचीही राख झाली. वेरुलेमियम हे काही रोमनांचे गाव नव्हते, ती रोमशी जुळवून घेतलेल्या ब्रिटनांचीच वस्ती होती. तीन शहरांत मिळून ७० हजार माणसे मेल्याचे टॅसिटस सांगतो. आकडा फुगवलेला असावा. क्रौर्याबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही. बंडवाल्यांनी कैदी घेतले नाहीत. पीडितांची बाजू घेताना इतिहासाने हे पान उलटून पुढे जाऊ नये.

निर्णायक लढाई कोठे झाली हे ठरलेले नाही. पॉलिनसजवळ सुमारे दहा हजार माणसे होती. मागे अरण्य आणि दोन्ही बाजूंना डोंगर असलेली खिंड त्याने निवडली, त्यामुळे बंडवाल्यांचा प्रचंड जमाव समोरूनच येऊ शकत होता. विजयाची एवढी खात्री, की त्यांनी बायकामुलांना लढाई पाहण्यासाठी गाड्यांत बसवून आणले होते. त्याच गाड्यांची रांग नंतर परतीच्या वाटेत आडवी आली. टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे ८० हजार ब्रिटन मेले आणि रोमन केवळ चारशे. जेत्यांचे हिशेब असेच असतात. बुडिकाने विष घेतले असे टॅसिटस म्हणतो, ती आजारी पडून वारली असे डिओ म्हणतो. तिच्या मुलींचे काय झाले, हे दोघेही सांगत नाहीत.

यानंतरचे प्रकरण कहाणीत सहसा येत नाही, आणि तेच खरे म्हणजे सर्वांत उद्बोधक आहे. पॉलिनसने सूड उगवायला सुरुवात केली. बंडाच्या धामधुमीत पेरणी राहून गेल्यामुळे दुष्काळ पडलेलाच होता. त्यात गावेच्या गावे उजाड होऊ लागली. पळून गेलेल्या डेसियानसच्या जागी ज्युलियस क्लासिसियानस हा नवा प्रोक्युरेटर आला. त्याने रोमला कळवले, की पॉलिनसला परत बोलावल्याशिवाय हे युद्ध संपणार नाही. ओसाड प्रांतातून महसूल येत नसतो, हे महसूल खात्याच्या माणसाला कळायला हवेच. नीरोने चौकशीसाठी पोलिक्लिटस नावाच्या आपल्या मुक्त गुलामाला पाठवले. त्याचा लवाजमा पाहून ब्रिटनांना हसू आले: एवढे युद्ध जिंकलेला सेनापती एका गुलामापुढे नमतो! यथावकाश पॉलिनसला दूर करून पेट्रोनियस टर्पिलियानस हा सौम्य गव्हर्नर नेमला गेला. टॅसिटसला हा मवाळपणा नामर्दपणा वाटला. परंतु दक्षिण ब्रिटनमध्ये त्यानंतर असे बंड पुन्हा झाले नाही.

क्लासिसियानसला ही दृष्टी कोठून आली असावी? लंडनच्या टॉवर हिल भागात, उत्तरकालीन तटाच्या बांधकामात वापरलेले त्याच्या समाधीचे दगड १८५२ आणि १९३५ मध्ये सापडले. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. समाधी उभारणारी त्याची पत्नी ज्युलिया पकाटा ही इंडस नावाच्या माणसाची मुलगी होती, असे त्यावर कोरले आहे. हा इंडस म्हणजे गॉलमधील ट्रेव्हेरी टोळीचा सरदार, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. २१ मध्ये त्याच्या टोळीत रोमविरुद्ध बंड झाले होते आणि ते मोडण्यात इंडसने रोमला मदत केली होती. त्या बंडाचे कारण टॅसिटसनेच दिले आहे: टोळ्यांवर चढलेले कर्ज. सावकारीतून बंड कसे उभे राहते, हे क्लासिसियानसच्या सासुरवाडीने एका पिढीपूर्वी पाहिलेले होते.

एवढे सारे आपल्याला कळते ते जेत्यांच्या लेखणीतून. टॅसिटसचा सासरा ॲग्रिकोला तरुणपणी पॉलिनसच्या हाताखाली ब्रिटनमध्ये होता, त्यामुळे त्याची माहिती जवळची. पण त्याच्या ग्रंथाचा हा भाग एकाच मध्ययुगीन हस्तलिखितामुळे वाचला आहे, आणि डिओचा मजकूर अकराव्या शतकात केलेल्या सारांशातून हाती येतो. लढाईपूर्वी बुडिकाने केलेली जी भाषणे दोघे देतात, ती त्यांनीच रचलेली आहेत. सेनापतींच्या तोंडी भाषणे घालण्याची तेव्हाची रूढीच होती. तिचे स्वतःचे एक वाक्यही उरलेले नाही. उरले ते नाव. केल्टिक भाषेत त्याच्या मुळाशी ‘विजय’ हा अर्थ आहे. मराठीत तिला विजया म्हणता येईल. पुढे साम्राज्यवादी इंग्लंडने या पराभूत राणीला आपली पूर्वज ठरवले. थॉमस थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकाराने तिचा रथारूढ पुतळा घडवायला घेतला तो १८५६ मध्ये, झाशीची राणी रणात उतरण्याच्या आदल्या वर्षी. १९०२ मध्ये तो वेस्टमिन्स्टर पुलाशी उभा राहिला. तिने जाळलेल्या शहरात, आणि मांडलिकांची राज्ये खालसा करणाऱ्या सत्तेच्या संसदेसमोर.

दक्षिण शांत झाली तरी उत्तर धुमसत राहिली. इ. स. ६९ मध्ये कार्टिमांडुआला तिच्याच घटस्फोटित पतीने, व्हेन्युटियसने, उलथून टाकले. रोमन सैनिकांनी तिचा जीव वाचवला, राज्य गेले. मग ब्रिगांते टोळीचा प्रदेश जिंकणे रोमला भाग पडले. इ. स. ८३ च्या सुमारास ॲग्रिकोलाने आजच्या स्कॉटलंडमध्ये मॉन्स ग्रॉपियस येथे कॅल्गॅकसच्या नेतृत्वाखालील कॅलेडोनियन टोळ्यांचा पराभव केला. दहा हजार शत्रू मारल्याचा दावा झाला, पण काही वर्षांतच डॅन्यूब सीमेवर फौजेची गरज पडली आणि इंचटुथिल येथील अर्धवट बांधलेली छावणी सोडून रोमन मागे फिरले. जाताना त्यांनी सुमारे पावणेनऊ लाख लोखंडी खिळे खड्ड्यात पुरून ठेवले. टोळ्यांच्या हाती लोखंड लागू नये, यासाठी.

इ. स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियनने समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर लांबीची भिंत बांधायला घेतली. विसाव्या वर्षी तिच्याही उत्तरेला दुसरी भिंत सुरू झाली आणि एका पिढीत सोडून द्यावी लागली. इ. स. २०८ मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हरस स्वतः मोठी फौज घेऊन उत्तरेत उतरला. टोळ्यांनी पुन्हा समोरासमोरची लढाई टाळली. दलदलीत गुरे सोडून द्यायची आणि ती धरायला आलेल्या तुकड्यांना गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. तह झाला, मोडला. एकालाही जिवंत ठेवू नका, असा हुकूम सम्राटाने सोडला. पण तो अमलात येण्यापूर्वीच, फेब्रुवारी २११ मध्ये, यॉर्क येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचा मुलगा कॅराकॅला याने टोळ्यांशी तह केला, पुढची ठाणी सोडून दिली आणि तो रोमला निघून गेला.